‘अँडरसन ब्रुफर्ड वेकमन हाऊ’ (१९८९) : बैठकीत हा अल्बम ‘येस’चा म्हणून मांडावा का?

राजारामपुरी नववी गल्ली (प्रश्न)

नमस्कार.

आम्ही सातआठ जण गेली दोन वर्षे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी राजारामपुरीत एका मित्राच्या घरी जमतो आणि एक अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये कोणीही न बोलता, ऐकतो. ऐकून झाल्यावर चहा होतो आणि मग चर्चा. ज्याची पाळी असेल त्याने अल्बमविषयी पानभर टिपण मराठीत लिहून आधी वाचून दाखवायचे, असा आमचा रिवाज आहे. जमणाऱ्यांत दोन निवृत्त शिक्षक आहेत, तबला शिकणारी एक मुलगी आहे, समारंभांना ध्वनिव्यवस्था पुरवणारे एक गृहस्थ आहेत. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, अनेक भागांच्या रचनांचे रॉक संगीत, हा प्रकार यांपैकी बहुतेकांनी याच बैठकीत प्रथम ऐकला, आणि ‘येस’ या इंग्लिश बँडचे ‘फ्रॅजाइल’ (१९७१) आणि ‘क्लोज टू द एज’ (१९७२) हे दोन अल्बम त्यांना मनापासून आवडले. दुसऱ्या अल्बमचे अठरा मिनिटांहून मोठे शीर्षकगीत संपल्यावर एका शिक्षकांनी ते लगेच पुन्हा लावायला सांगितले होते.

पुढच्या महिन्यात पाळी माझी आहे आणि मी १९८९ चा ‘अँडरसन ब्रुफर्ड वेकमन हाऊ’ निवडला आहे. गायक जॉन अँडरसन, ड्रमवादक बिल ब्रुफर्ड, कीबोर्डवादक रिक वेकमन आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ हे चौघे ‘क्लोज टू द एज’नंतर या अल्बमसाठी प्रथमच एकत्र आले. त्या पाच जणांपैकी फक्त बेसवादक ख्रिस स्क्वायर यात नाहीत, आणि बँडचे नाव त्यांच्या बाजूला राहिल्यामुळे या चौघांनी आपली आडनावेच मुखपृष्ठावर घातली. मुखपृष्ठ मात्र रॉजर डीन यांचे आहे, म्हणजे ज्या चित्रकाराने ‘फ्रॅजाइल’पासून येसला डोळ्यांपुढे उभे केले त्यांचेच.

माझी अडचण टिपणाच्या पहिल्याच वाक्यापाशी आहे. माझ्या एका मित्राचा आग्रह असा, की ‘सत्तरच्या दशकातला खरा येस सतरा वर्षांनी परतला’ अशीच सुरुवात करावी. दुसरा म्हणतो, स्क्वायर नसतील तर तो येस नव्हे आणि श्रोत्यांना तसे सांगणे ही दिशाभूल ठरेल. मला स्वतःला हा अल्बम फार प्रिय आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या अपेक्षेने ऐकला जाऊन नापसंत होऊ नये असे वाटते. शिवाय तबला शिकणाऱ्या मुलीला मी यातल्या ‘फिस्ट ऑफ फायर’ या गाण्याचा तुकडा आधी ऐकवला, तेव्हा ती म्हणाली, “काका, या ड्रमना आस नाही,” म्हणजे ठोक्यानंतर नाद रेंगाळत नाही. तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उभा मारुती चौक

आपल्या बैठकीविषयी वाचून समाधान वाटले. नावाचा प्रश्न टिपणात टाळू नका, आणि एका वाक्यात उरकूही नका, कारण नाव कोणाकडे आणि कसे राहिले हे कळल्याशिवाय या चौघांना एकत्र का यावेसे वाटले ते कळत नाही.

येस १९६८ मध्ये लंडनमध्ये अँडरसन आणि स्क्वायर यांनी सुरू केला. ब्रुफर्ड पहिल्यापासून होते, हाऊ १९७० मध्ये आले, वेकमन १९७१ मध्ये. म्हणजे आपल्या श्रोत्यांना जो पाच जणांचा संच ठाऊक आहे तो जेमतेम वर्षभर टिकला, कारण १९७२ च्या उन्हाळ्यात ‘क्लोज टू द एज’चे ध्वनिमुद्रण आटोपताच ब्रुफर्ड किंग क्रिमझन या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेले आणि त्यांच्या जागी ॲलन व्हाइट आले. वेकमन १९७४ मध्ये गेले, काही वर्षांनी परतले आणि १९८० मध्ये अँडरसन यांच्यासह पुन्हा बाहेर पडले. १९८१ मध्ये बँड मोडला आणि हाऊ एशिया या बँडमध्ये गेले. पुढे स्क्वायर आणि व्हाइट यांनी दक्षिण आफ्रिकेचे गिटारवादक ट्रेव्हर रेबिन यांना घेऊन ‘सिनेमा’ नावाचा नवा बँड जुळवला, वेकमन यांच्या आधीचे कीबोर्डवादक टोनी के त्यात आले, आणि अखेर अँडरसनही गायला आले तेव्हा त्या बँडने येस हे जुने नाव धारण केले. त्यांच्या ‘९०१२५’ (१९८३) या अल्बममधले ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. येसच्या साऱ्या कारकिर्दीत असे यश दुसऱ्या कोणत्याही गाण्याला मिळाले नाही.

हे लक्षात घेतले तर आपल्या पहिल्या मित्राचे वाक्य न्याय्य ठरत नाही. १९८८ मध्ये अँडरसन यांनी बँड सोडला तेव्हा मागे राहिलेले स्क्वायर, व्हाइट आणि के हेही येसचेच होते आणि त्यांच्यामागे दोन अल्बमांचे काम होते. चौघांनी येसच्या नावाचा उल्लेख करू नये म्हणून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. चौघांच्या दौऱ्याचे नाव ‘ॲन इव्हनिंग ऑफ येस म्युझिक प्लस’ असे होते, म्हणजे येसच्या संगीताची संध्याकाळ आणि आणखी काही. त्या ‘आणखी काही’मध्ये या चौघांची नेमकी स्थिती आली आहे असे मला वाटते.

एक गोष्ट अवश्य सांगा. बोलावणे आले तेव्हा ब्रुफर्ड यांची समजूत अशी होती की आपण अँडरसन यांच्या एकट्याच्या अल्बमवर वाजवणार आहोत. जुना बँड पुन्हा उभा राहतो आहे हे त्यांना काम सुरू झाल्यावर उमगले. ठरवून साजरे केलेले पुनर्मीलन आणि हे, यांत फरक आहे, आणि तो संगीतातही ऐकू येतो.

माझ्याकडे हा अल्बम पुण्याहून भरून आणलेल्या कॅसेटवर आला होता. भरून देणाऱ्या मित्राने पट्टीवर शाईने ‘येस – नवीन’ इतकेच लिहिले होते, त्यामुळे कितीतरी वर्षे मी तो येसचाच समजत होतो. बेस कोण वाजवतो असा प्रश्नही मला पडला नव्हता, पण काहीतरी वेगळे आहे असे मात्र दर वेळी वाटत असे.

डग्गा-चाट

त्या मुलीचा कान चांगला आहे. तिला सांगा की तिने अचूक शब्द वापरला.

माझी सुरुवात तबल्याने झाली आणि गेली वीस वर्षे मी इथल्या ऑर्केस्ट्रांत ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवतो, तेव्हा हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. चामड्यावर थाप पडते तेव्हा कातडे, आतली हवा, खोड आणि खोलीच्या भिंती हे सारे मिळून नाद लांबवतात, आणि वाजवणारा तो नाद हाताने दाबतो, सोडतो, वळवतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड हे त्याचे टोक. ब्रुफर्ड १९८९ मध्ये वाजवत होते ते सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ड्रम. त्यांच्या सपाट पॅडवर काठी पडली की फक्त इशारा जातो आणि आवाज यंत्र तयार करते. तो किती वेळ टिकावा आणि कसा विरावा हे आधी ठरवून ठेवलेले असते. आपल्याकडे गणपतीत बेंजो पार्टीच्या गाडीवरून जो ऑक्टोपॅड ऐकू येतो त्याचे तत्त्व हेच. म्हणून आस नाही.

तरीसुद्धा, ब्रुफर्ड यांनी हे पॅड फॅशन म्हणून घेतले असे समजू नये. ‘फ्रॅजाइल’वर त्यांचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, इतका घट्ट आणि खणखणीत आहे की डोळे मिटूनही वाजवणारा ओळखावा. असा स्वतःचा नाद कमावलेल्या माणसाने तो बाजूला ठेवला, यामागे त्यांचा अनेक वर्षांचा प्रयोग होता. १९८१ ते १९८४ या काळातल्या किंग क्रिमझनमध्ये त्यांनी साध्या ड्रमबरोबर हे पॅड बसवले, आणि नंतर ‘अर्थवर्क्स’ या आपल्या जॅझ बँडमध्ये ते पॅडवर चक्क स्वर आणि स्वरगुच्छ वाजवू लागले. तबलातरंग ज्याने ऐकला आहे त्याला यातली ओढ समजेल.

माझी तक्रार वेगळी आहे. या अल्बमवर पॅडचा तो स्वरांचा उपयोग फारच थोडा होतो. बहुतेक वेळा त्यांच्याकडून साध्या ड्रमचेच काम करून घेतले आहे, आणि त्या कामात साधा ड्रम सरस आहे. अपवाद ‘बर्थराइट’चा. तिथे तो कोरडेपणा गाण्याच्या विषयाला शोभतो.

त्या मुलीला एक सुचवा. नाद कसा आहे ते क्षणभर विसरून फक्त बोल कुठे पडतात ते पाहावे. रॉकमध्ये जिथे ठोका हमखास येणार असे आपण धरून चालतो तिथे ब्रुफर्ड थांबतात, आणि पुढच्या निसटत्या मात्रेवर येतात. पॅड असोत वा चामडे, ही बुद्धी तीच १९७१ ची आहे. टाळी धरून ऐकले तर तिला ते पहिल्याच गाण्यात, ‘थीम्स’मध्ये, सापडेल.

शाहूपुरीकर

मी आपल्या दुसऱ्या मित्राच्या बाजूचा आहे आणि कारणे मांडतो.

येसमध्ये बेस हे आधार देणारे वाद्य नव्हते. स्क्वायर रिकनबॅकर कंपनीचा बेस गिटार बोटांनी न वाजवता प्लेक्ट्रमने, म्हणजे तार छेडायच्या पातीने, वाजवत आणि त्याचा वरचा, कडक स्वर मुद्दाम पुढे ठेवत. त्यामुळे तो गिटारच्या खाली न दबता तिच्या शेजारी चालतो. ‘फ्रॅजाइल’मधल्या ‘राउंडअबाउट’मध्ये गाण्याला पळवणारी ओळ बेसची आहे. ती काढून घेतली तर खाली फक्त सुरावट उरते, वेग उरत नाही.

१९८९ च्या अल्बमवर बेस टोनी लेविन यांचा आहे. ब्रुफर्ड यांनी त्यांना किंग क्रिमझनमधल्या सोबतीमुळे आणले. ते थोर वादक आहेत, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर टिचक्या मारून वाजवायचा दहा तारांचा चॅपमन स्टिक त्यांनी ज्या ताकदीने वापरला त्याला तोड नाही. परंतु त्यांचा स्वभाव गाण्याच्या तळाशी शांतपणे बसण्याचा आहे. त्यांनी स्क्वायर यांची नक्कल केली नाही हे मला पटते, पण त्याचा अर्थ असाही होतो की ज्या वादामुळे, म्हणजे बेस आणि गिटार यांच्यातल्या ज्या सततच्या प्रश्नोत्तरामुळे, येसचे संगीत जिवंत होते, तो वाद इथे नाही.

आणि बेसपेक्षाही मोठी उणीव आवाजाची आहे, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. येसचे गायन म्हणजे अँडरसन एकटे नव्हेत. अँडरसन, स्क्वायर आणि हाऊ अशा तिघांचे ते गायन आहे, आणि त्यातला स्क्वायर यांचा वरचा आवाज अँडरसन यांच्या पातळ आवाजाला रुंदी देतो. १९८९ मध्ये ती जागा भरायला कितीतरी सहगायक आणले आहेत, त्यांत अँडरसन यांची कन्या डेबोरा आहे, कॅरिबियन बेटावरचा एक स्थानिक गायकवृंदही आहे. ते गोड आहे. पण वीस वर्षे एकमेकांच्या श्वासाला श्वास लावून गायलेल्या दोन माणसांचा मेळ तसा बाहेरून आणता येत नाही.

म्हणून टिपणात येस हे नाव वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंचगंगाकाठ

शाहूपुरीकरांनी आवाजाविषयी जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे, तरी निष्कर्ष मान्य नाही. आपण कोल्हापुरात बसून हे बोलतो आहोत, तर आपल्याच गावातले एक उदाहरण घेते.

अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात इथे दरबारी गायक होते. त्यांच्या गायकीला आपण जयपूर-अत्रौली म्हणतो, म्हणजे घराण्याचे नाव राजस्थानातल्या एका शहराचे आणि उत्तर प्रदेशातल्या एका गावाचे, पण ती गायकी वाढली ती कोल्हापुरात आणि मुंबईत. १९२२ मध्ये महाराज गेल्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरात शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आधी खाँसाहेबांचे दुसरे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे आणि त्यांच्या निधनानंतर भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी खाँसाहेबांच्याच शिष्या, आणि दोघींचे गाणे किती निराळे. यांपैकी एकीचे गाणे खरे जयपूरचे आणि दुसरीचे नव्हे, असे देवल क्लबच्या बैठकीत कोणी म्हणाले तर ऐकणारे मान्य करणार नाहीत. जाणकार विचारतो तो प्रश्न असा असतो : लयीशी खेळणे तेच आहे का, आवाजाचा लगाव तोच आहे का, तान गुंफण्याची रीत तीच आहे का?

तोच प्रश्न या अल्बमला विचारावा. ‘ब्रदर ऑफ माइन’ दहा मिनिटांहून थोडे मोठे आहे आणि तीन भागांचे आहे. ‘क्वार्टेट’ चार भागांचे, ‘ऑर्डर ऑफ द युनिव्हर्स’ही चार भागांचे. वेगवेगळ्या मुखड्यांच्या रचना एकमेकींना जोडत एक मोठा आकार बांधायचा आणि शेवटी त्याला उजेडात आणून सोडायचे, ही १९७२ चीच बांधणी आहे. ‘क्वार्टेट’च्या दुसऱ्या भागात तर येसच्या जुन्या गाण्यांची नावेच शब्दांत ओवली आहेत. जुने शिष्य एकमेकांना भेटल्यावर गुरूच्या चिजांची नावे काढतात, तसे मला ते ऐकताना वाटते. ‘द मीटिंग’मध्ये मुख्यतः वेकमन यांचा पियानो आणि अँडरसन यांचा आवाज आहे. ही दोन माणसे एकमेकांच्या किती जवळून गेलेली आहेत, हे त्या चार-सव्वाचार मिनिटांत कळते, आणि माझ्या मते अल्बममधली सर्वांत खरी जागा तीच आहे.

शाहूपुरीकर

पंचगंगाकाठ ताई, उदाहरण सुंदर आहे. मात्र ते एका ठिकाणी पुरे पडत नाही. घराणे ही कोणाची मालमत्ता नसते, तर बँड ही भागीदारी असते, आणि नावावर करार होतात, तिकिटे विकली जातात. घराण्याच्या नावासाठी कोणी न्यायालयात गेल्याचे मी ऐकलेले नाही. तरीही ‘द मीटिंग’विषयी आपण लिहिले ते वाचून मी ते काल रात्री पुन्हा ऐकले. तिथे मला बेसची आठवण आली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

राजारामपुरी नववी गल्ली

सर्वांचे मनापासून आभार. डग्गा-चाट यांचे उत्तर मी त्या मुलीला वाचून दाखवले. तिने ‘थीम्स’ टाळी धरून तीनदा ऐकले, आणि तिसऱ्या वेळी हसून म्हणाली की हे काका समेच्या अलीकडे उभे राहून वाट पाहतात.

आणखी एक विचारतो. ‘टीकबॉइज’ हे जवळजवळ पावणेआठ मिनिटांचे कॅरिबियन चालीचे गाणे बैठकीत वगळावे, असा सल्ला मला दोघांनी दिला आहे. आमचा नियम पूर्ण अल्बम ऐकण्याचा आहे. काय करावे?

कळंबा रोड

वगळू नये. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, आणि माझ्या मते हे गाणे कुठे तयार झाले ते सांगितले तर श्रोते त्याला सहज सामावून घेतील.

अल्बमचे पुष्कळसे काम कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेरात या छोट्या बेटावर झाले. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये तिथे एअर स्टुडिओ उघडला होता. शहरापासून दूर, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्या स्टुडिओत लोक महिना-महिना राहून काम करत. शाहूपुरीकरांनी उल्लेख केलेला गायकवृंद त्याच बेटावरचा. अल्बम १९८९ च्या जूनमध्ये बाजारात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटाची दाणादाण उडवली, स्टुडिओ कायमचा बंद पडला. म्हणजे त्या जागेत झालेल्या शेवटच्या अल्बमांपैकी हा एक. ‘टीकबॉइज’ मला रचना म्हणून अल्बममधले सर्वांत दुबळे गाणे वाटते, ते लांबले आहे आणि चौघांपैकी कोणाचाही हात त्यात ठळक नाही. पण त्या बेटाची हवा ज्यात थेट आली ते एवढेच आहे, आणि ते काढले तर अल्बम कुठे घडला याची खूण पुसली जाते.

ध्वनीविषयी थोडे लिहितो, कारण आपल्याकडे ध्वनिव्यवस्थेचे जाणकार बसणार आहेत आणि त्यांना ते लगेच जाणवेल. ‘क्लोज टू द एज’मध्ये वेकमन यांनी वाजवलेला मोठा ऑर्गन लंडनच्या एका चर्चमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला आहे, त्यामुळे त्या आवाजाभोवती चर्चच्या छताखालची हवा आहे. १९८९ मध्ये त्यांच्यापुढे डिजिटल सिंथेसायझर होते, आणि मॅट क्लिफर्ड यांनी त्यांच्या जोडीने कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंगचे काम केले. अँडरसन यांच्या बरोबरीने निर्माते होते ख्रिस किम्झी, ज्यांची ख्याती रोलिंग स्टोन्ससोबतच्या कामामुळे. परिणामी सारे स्वच्छ आहे, चकचकीत आहे, आणि प्रत्येक वाद्य स्वतंत्र काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे आहे. ड्रमना आस नाही हे जे त्या मुलीला जाणवले ते एका वाद्यापुरते नाही. जुन्या येसमध्ये वाद्ये एकमेकांच्या अंगावर येत, एकमेकांना ढकलत. इथे तसे होत नाही, आणि हाऊ यांच्या गिटारचा त्यात सर्वांत जास्त तोटा झाला, कारण त्यांचे वादन मुळातच टोकदार आणि अंगावर येणारे. ‘बर्थराइट’मधली त्यांची गिटार आणि ‘लेट्स प्रिटेंड’ची, म्हणजे अल्बमची शेवटची, जेमतेम तीन मिनिटे मात्र निर्मळ आहेत.

बैठकीसाठी एक व्यवहाराची सूचना. ‘क्लोज टू द एज’ तीन रचनांचा आणि चाळीस मिनिटांच्या आत संपणारा अल्बम होता, कारण लाँग प्ले तबकडीची मर्यादाच तेवढी. हा सीडीच्या काळातला, सुमारे एकोणसाठ मिनिटांचा. आपल्या श्रोत्यांना एका दमात एवढे ऐकण्याची सवय नसेल तर ‘द मीटिंग’नंतर पाच मिनिटे शांत थांबावे. उच्च स्वर थोडे कमी करून ऐकवा, पहिली दोन गाणी कानाला टोचणार नाहीत.

उभा मारुती चौक

‘बर्थराइट’विषयी दोघांनी लिहिले, पण ते कशाबद्दल आहे ते राहून गेले. ब्रिटनने १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात अणुचाचण्या केल्या, मारलिंगा हे त्यांतले मुख्य ठिकाण, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना आपल्या पिढीजात भूमीतून हलवण्यात आले. गाणे त्यांच्या बाजूने बोलते. अँडरसन यांचे शब्द बहुधा धूसर, प्रकाशाकडे पाहणारे असतात. इथे ते जमिनीवर उभे आहेत. आपल्या शिक्षकमंडळींना हे आधी सांगा, ते गाणे त्यांना लागेल.

पुढची हकिकत टिपणात दोन वाक्यांत संपवावी. चौघांचा दुसरा अल्बम अर्धवट असताना तो रेबिन-स्क्वायर यांच्या गाण्यांशी जोडला गेला आणि १९९१ मध्ये आठ जणांचा ‘युनियन’ येसच्या नावाने निघाला. त्यात बरेचसे वादन बाहेरून बोलावलेल्या वादकांनी केले, आणि वेकमन त्याला ‘ऑनियन’, म्हणजे कांदा, म्हणत आले आहेत, कारण ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. नाव परत मिळाले तेव्हा हे झाले. शाहूपुरीकरांनी यावर विचार करावा, अशी विनंती.

शाहूपुरीकर

विचार केला. ‘युनियन’मध्ये स्क्वायर आहेत, नावही आहे, आणि तरी मी तो अल्बम वर्षानुवर्षे लावलेला नाही. चौघांचा मात्र लावतो. नावाविषयीचे माझे मत बदलत नाही, पण टिपणात ‘येस नव्हे’ असे नकाराने सुरू करू नये, एवढे मी मान्य करतो.

एक सुचवतो. ९ सप्टेंबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या शोरलाइन रंगमंचावर या चौघांनी केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण नंतर अल्बम म्हणून निघाले. लेविन आजारी पडल्यामुळे त्या रात्री बेस जेफ बर्लिन यांनी वाजवला, जे ब्रुफर्ड यांच्या सत्तरच्या दशकातल्या बँडमध्ये होते. फार थोड्या तयारीत त्यांना स्क्वायर यांच्या साऱ्या अवघड ओळी बसवाव्या लागल्या. त्यातला ‘क्लोज टू द एज’ चहानंतर ऐकवा. ब्रुफर्ड यांनी ती रचना घडवली आणि लोकांपुढे वाजवायची वेळ येण्याआधीच ते बँड सोडून गेले होते. सतरा वर्षांनी ते ती इथे वाजवत आहेत.

राजारामपुरी नववी गल्ली

टिपण लिहून झाले. सुरुवात अशी केली आहे : “आज आपण ज्या चौघांना ऐकणार आहोत त्यांपैकी प्रत्येकाचा हात आपल्या ओळखीचा आहे, कारण ‘क्लोज टू द एज’ याच हातांनी घडवला. पाचवा हात आज नाही. तो कुठे जाणवतो आणि कुठे जाणवत नाही, हे ऐकताना मनाशी नोंदवावे.” येस हे नाव त्यानंतरच्या परिच्छेदात, उभा मारुती चौक यांनी दिलेल्या हकिकतीसह येते.

‘टीकबॉइज’ ठेवले आहे. ‘द मीटिंग’नंतर पाच मिनिटे थांबू, आणि चहानंतर शोरलाइनचे ध्वनिमुद्रण लावू. डग्गा-चाट यांना त्या मुलीच्या वतीने विशेष निमंत्रण आहे. शक्य झाल्यास ऑक्टोपॅड घेऊन यावे, तिला मींड आणि पॅड यांतला फरक हाताने करून पाहायचा आहे. शाहूपुरीकर आणि पंचगंगाकाठ ताई, आपण दोघांनीही यावे. सकाळी साडेनऊला पहिला सूर लागेल, त्यानंतर दार लावून घेतो.